ईव्हीमधलं प्रोटीन खरंच ईव्हीमधलंच आहे ना? कोलोरेक्टल (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरच्या सॅम्पलवर काम करताना

ईव्ही म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल, पेशी बाहेर सोडतात त्या बारीक पिशव्या. त्यांच्या मास स्पेकमधून (मास स्पेक्ट्रोमेट्री, प्रोटीन ओळखायची पद्धत) हजार-दीड हजार प्रोटीनची लिस्ट आली की भारी वाटतं, पण त्यातलं निम्मं रक्तातलंच काहीबाही असू शकतं, त्यामुळे सगळी मेहनत आधीच घ्यायची.

सुरुवात रक्त काढण्यापासून. ईडीटीए किंवा सायट्रेटची ट्यूब घ्या, हेपॅरिन टाळा, पेशंट उपाशीपोटी असेल तर उत्तम, कारण जेवणानंतर कायलोमायक्रॉन (रक्तातले चरबीचे कण) वाढतात आणि साइज बघून ते आणि ईव्ही वेगळे ओळखता येत नाहीत. मग सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोराने) १५ मिनिटं असं दोनदा फिरवायचं, म्हणजे प्लेटलेट्स जातात. हे फ्रीझ करायच्या आधीच करा हं! प्लेटलेट्स आत राहिल्या आणि तसंच मायनस ८० ला टाकलं की त्या फुटतात, आणि मग जे कण मिळतात ते ट्यूमरचे नाहीत, प्लेटलेटचे.

प्लाझ्मा गुलाबीसर दिसला, म्हणजे लाल पेशी फुटल्यात, तर सॅम्पल बाजूला ठेवा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, ४१४ नॅनोमीटरला रीडिंग घ्या, तिथे हिमोग्लोबिन कळतं. मी एकदा "थोडंसंच तर आहे" म्हणून असं सॅम्पल चालवलं आणि सीडी१४७ (कॅन्सरचं मार्कर म्हणून बघितलं जाणारं पेशीवरचं प्रोटीन) जोरात आलं म्हणून दोन दिवस खुशीत होते, मग लक्षात आलं की सीडी१४७ लाल पेशींवर पण असतं. सीडी१४७ आणि सीडी९ (ईव्हीवर सापडणारं आणखी एक प्रोटीन) दोन्ही असलेल्या ईव्ही या कॅन्सरच्या पेशंटच्या सीरममध्ये जास्त असतात असं २०१४ मध्ये दाखवलं गेलंय, मार्कर चांगलाच आहे, पण सीडी९ प्लेटलेटवर भरपूर आणि सीडी१४७ लाल पेशींवर, म्हणजे सॅम्पल खराब असेल तर हीच जोडी सगळ्यात आधी फसवणार.

वेगळं करायला प्लाझ्मासाठी मी साइज एक्सक्लूजन कॉलमच घेते, जो कणांना आकारानुसार वेगळं करतो. १० मिलीचा सेफारोज सीएल-२बी कॉलम, वर अर्धा मिली प्लाझ्मा, अर्ध्या-अर्ध्या मिलीचे फ्रॅक्शन. ईव्ही साधारण सातव्या ते दहाव्यात येतात, अल्ब्युमिन मागाहून, आणि एक फ्रॅक्शन जास्त घ्यायचा मोह झाला तर अल्ब्युमिन पण सोबत आलंच म्हणून समजा. एचटी-२९ किंवा एसडब्ल्यू६२० सारख्या सेल लाइनचं (लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींचं) मिडियम असेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज चालतं, १,००,००० जी, ७० मिनिटं. फिक्स्ड अँगल रोटर असेल तर ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला मार्कर पेनने खूण करून ठेवा, पेलेट दिसत नाही बहुतेक वेळा, त्या खुणेखालीच पीबीएस (मिठाचं बफर) मारायचं. आणि मिडियममध्ये घातलेल्या सीरममधल्या गायीच्या ईव्ही आधी काढल्या नसतील तर तुम्ही गायीचाच अभ्यास करताय.

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडीने ठरावीक प्रोटीन शोधणं. ईव्हीची मार्कर म्हणून सीडी६३ किंवा सीडी८१, सोबत टीएसजी१०१ किंवा सिंटेनिन हे असायला हवेत, सेलच्या मिडियममधल्या ईव्हीमध्ये कॅलनेक्सिन (पेशीच्या आतलं प्रोटीन) दिसायला नको, आणि प्लाझ्मामध्ये एपोबी (लायपोप्रोटीनचं प्रोटीन) व अल्ब्युमिन किती उरलंय तेही दाखवा. एनटीए (कणांच्या हालचालीवरून त्यांची संख्या आणि साइज मोजायची पद्धत) नुसते कण मोजतं, लायपोप्रोटीन पण मोजतं, म्हणून एकट्या त्याच्यावर जाऊ नका, टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो हवाच.

प्रोटीन आत आहे की बाहेर चिकटलंय हे बघायला एक भाग तसाच, एक प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) घालून, एक डिटर्जंट आणि प्रोटिनेज के दोन्ही घालून चालवा. दुसऱ्यात टिकलं आणि तिसऱ्यात गेलं तर आतलं. पृष्ठभागावरचं मार्कर दुसऱ्यातच जाईल, ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

एपकॅम किंवा ए३३ (एपिथेलियमच्या पेशींवरची प्रोटीन) सापडलं तरी लगेच नाचू नका. ए३३ आतड्याच्या एपिथेलियमचं आहे, म्हणजे ईव्ही आतड्यातून आली एवढंच कळतं, निरोगी आतड्यातही ते असतंच. म्हणून कंट्रोलमध्ये नुसते निरोगी लोक घेऊन भागत नाही, कोलोनोस्कोपी क्लिअर असलेले, अॅडेनोमावाले (कॅन्सर नसलेली गाठ असलेले) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसवाले (आतड्याला सूज असलेले) तिन्ही गट लागतात.

आणि १,५०० प्रोटीनवर पी-व्हॅल्यूचा ०.०५ कटऑफ लावला तर काहीही फरक नसताना सुद्धा ७५ च्या आसपास "सिग्निफिकंट" येतात, एफडीआर करेक्शन (अशा खोट्या निकालांचं प्रमाण आवरणारी दुरुस्ती) लावा, मग जे पाच-सहा उरतील ते नव्या पेशंटच्या सॅम्पलवर एलायझाने (अँटिबॉडीने प्रोटीन मोजायची टेस्ट) बघा, त्याच जुन्या ट्यूबा पुन्हा काढून नाही.