'१५ ते ८' ठिपक्यांपासून लेझरच्या आकाशकंदिलापर्यंत

दिवाळीची नक्षी संगणकावर करायला शिकायचंय म्हणून कुणी आलं की मी पहिलं काम एकच देते: वहीच्या पानावर '१५ ते ८' ठिपक्यांची रांगोळी काढून आणा. पोरं आमच्या बेळगाव भागातली, खानापूरची असोत, निपाणीची असोत की वडगावची, घरात आई किंवा आजी ही रांगोळी सहज घालते. नक्षीचा सगळा हिशेब तिच्यात आहे. तो हाताला कळला की स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी) लिहिणं जड जात नाही.

मी इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत बहुतेक कोरल हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर असतं आणि नोकरी करायची तर तेही यायला हवं. पण शिकायला इंकस्केप बरं, कारण त्याची एसव्हीजी (रेघा-आकारांचं चित्र साठवणारी) फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते: हा गोल, हे त्याचं केंद्र, ही त्रिज्या. असा मजकूर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या थोड्या ओळींतून तयार करता येतो.

आता ठिपके. मधल्या ओळीत १५, वर आणि खाली एकेक कमी होत ८. म्हणजे ओळी १५ आणि ठिपके १६९. ओळींना उणे ७ पासून ७ पर्यंत क्रमांक द्या. क्रमांकाचं चिन्ह सोडून उरलेला आकडा १५ मधून वजा केला की त्या ओळीतले ठिपके मिळतात. पायथनच्या रेंजमध्ये (आकड्यांची ओळ देणारी आज्ञा) शेवटचा आकडा धरला जात नाही, तेव्हा ७ पर्यंत जायला तिथं ८ लिहा. दोन ठिपक्यांत १५ मिमी अंतर असेल तर दोन ओळींत मात्र ०.८६६ नं गुणून साधारण १३ मिमी ठेवायचं. आई हे मोजत नाही. ती दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध खालचा ठिपका टाकते आणि ओळ अंदाजानं जवळ घेते. संगणकाला हे सांगावं लागतं, नाहीतर सहा पाकळ्यांचं फूल उभं ताणल्यासारखं दिसतं. ही रांगोळी साधारण २१० बाय १८२ मिमीची होते, आडव्या ए-फोर कागदावर आरामात बसते. फाईलमध्ये कागदाचं माप २९७ आणि २१० मिमी द्या आणि व्ह्यूबॉक्सही (चित्राची मापं धरायची चौकट) २९७ बाय २१० चाच ठेवा. मग एक एकक म्हणजे बरोबर एक मिमी.

पाकळी मात्र स्क्रिप्टनं काढू नका, हे माझं ठाम मत आहे. सूत्रातून आलेली पाकळी नेमकी असते, पण तिच्यात जीव नसतो. पेन टूल घ्या, कमीत कमी नोड (रेघेवरचे बिंदू) ठेवा, वळण डोळ्यांना पटेपर्यंत ओढत राहा. ती ६०-६० अंशांनी फिरवून सहा वेळा मांडायचं काम स्क्रिप्टचं. प्रती क्लोन म्हणून ठेवल्या तर मूळ पाकळी बदलली की सहाही बदलतात. चांदण्या विखुरायला रँडम वापरलंत तर सीडचा, म्हणजे रँडमची सुरुवात ठरवणारा, आकडा ठरवून द्या आणि फाईलच्या नावात लिहून ठेवा. 'तीच नक्षी जरा मोठी करून द्या' असं गिऱ्हाईक चार दिवसांनी म्हणतंच.

खरी कसोटी अक्षरांची, आणि आपल्या भागात ती दुहेरी आहे. लेझरनं कापायच्या एकाच आकाशकंदिलावर 'शुभ दीपावली'ही हवं असतं आणि 'दीपावळिय शुभाशयगळु'ही. मजकूर आधी पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, बदला. मराठी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे पाथ झाल्यावर सगळा शब्द निवडून युनियन (सगळे आकार जोडून एक) करायलाच हवं, नाहीतर लेझर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात आडवा काप घेतो. युनियन झालं की सुटं कापलेलं 'दीपावली' शिरोरेषेला धरून अखंड निघतं. कानडी अक्षरांना अशी शिरोरेषा नाही. तोच शब्द कानडीत कापला तर अक्षरं सुटी हातात येतात, म्हणून त्यांच्या खालून एक पट्टी जोडून घ्यावी लागते. आणि शब्द पुठ्ठ्यात भोक म्हणून कापायचा असेल, म्हणजे उजेड अक्षरांतून यायला हवा असेल, तर 'व'च्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथं दीड-दोन मिमीचा पूल ठेवा. कानडीतल्या गोल पोटांनाही तेच.

दोन्ही लिप्या एका जातीच्या दिसाव्यात म्हणून मी बालू घराण्यातले फाँट घेते. मराठीला बालू २, कानडीला बालू तम्मा २. दोन्ही युनिकोड (सगळ्या संगणकांवर तीच अक्षरं उमटवणाऱ्या पद्धतीचे) आहेत, मोफत आहेत. मंडळांकडून येणारा मजकूर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो, चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाईप करा आणि पाठवणाऱ्याला वाचून दाखवा.

कोरलवाल्याला एसव्हीजी देण्यापेक्षा पीडीएफ द्या, सोबत १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा. त्याच्याकडे ती १०० भरली नाही तर माप बिघडलंय हे लगेच कळतं. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या फाईली इंचाला ९० पिक्सेल धरायच्या, नंतरच्या ९६ धरतात, त्यामुळे जुनी नक्षी उघडताना हा फरक हमखास भेटतो. पडद्यावरचा भडक केशरी छपाईत मंदावतो, म्हणून फ्लेक्सआधी रंगांची एक छोटी पट्टी छापून मागा.

खाचांत बसणारा कंदील करत असाल तर '३ मिमी एमडीएफ' (लाकडाचा भुसा दाबून केलेलं शीट) या शब्दावर जाऊ नका. शीट व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या साधनानं) मोजा. बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांच्या वसाहतीत) कामाला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर व्हर्नियर मिळायला अडचण नाही. लेझर स्वतः थोडं लाकूड खातो, म्हणून खाच शीटच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवायची. किती कमी, ते त्या दुकानातल्या मशीनवर अवलंबून. २.७, २.८, २.९ अशा खाचांचा एक तुकडा आधी कापून घ्या, घट्ट बसेल ते माप स्क्रिप्टमध्ये घाला. हे सगळं नवरात्राआधी उरकलेलं बरं, नंतर कटिंगवाल्यांकडे रांग लागते.