बोटात काटा, रक्तात साखर : या चुका टाळा

शिंगाळा मासा साफ करताना आईच्या मधल्या बोटात काटा घुसला. तिने हळद दाबली आणि कामाला लागली. तिला मधुमेह होऊन पंधरा वर्षं झाली होती, बोटांना बधिरपणा होता, त्यामुळे फारसं दुखलंच नाही. तिसऱ्या दिवशी बोट तट्ट फुगलं. ते किंचित वाकलेलंच राहत होतं आणि मी हलकेच सरळ करायला गेले तेव्हा मात्र ती कळवळली. ऑपरेशन करून पू काढावा लागला. बोट वाचलं, पण मूठ अजून नीट वळत नाही.

‘ठणका नाही, म्हणजे काही नाही’ ही आमची पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. मधुमेहात दुखण्यावर भरवसा ठेवू नका, रोज डोळ्यांनी हात तपासा. वाकलेलं, सबंध फुगलेलं आणि सरळ करताना कळ येणारं बोट म्हणजे स्नायुबंधाच्या (बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या) आवरणात पू झाल्याची शक्यता. त्याच दिवशी सर्जन गाठा.

सूज हाताच्या पाठीवर दिसते म्हणून आम्ही मलम तिथेच चोळत होतो. तळहाताची कातडी जाड आणि घट्ट असते, त्यामुळे पू तळव्यात असला तरी फुगतो तो मागचा भाग. अंगठी आणि बांगड्या सूज दिसताच काढा, नंतर त्या कापाव्या लागतात.

नखुरडं सुईने फोडणं, चुन्याचा लेप, बधिर हाताला गरम पाण्याचा शेक (भाजलेलं कळतही नाही), मेडिकलमधून मागच्या वेळच्याच गोळ्या आणणं, हे सगळं टाळा. साचलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही.

जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका. संसर्गात साखर उलट चढते आणि साखर चढली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत. साखर मोजा आणि डोस डॉक्टरांना विचारा.

1984 मध्ये नायजेरियातल्या डॉक्टरांनी मधुमेहींच्या अशा हातांची नोंद केली. पुढे टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये असे बरेच रुग्ण आढळले. किरकोळ ओरखडा किंवा कीटकाचा चावा, मग उशीर. काहींचा हात गेला, काहींचा जीव.

हातावर लाल रेघ वर चढणं, काखेत अवधान (सुजलेली गाठ), थंडी वाजून ताप, काळपट फोड यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी हात उंच धरून थेट मोठ्या रुग्णालयात जा.