भरीत थंडीत, कुरडई उन्हात: खान्देशी घरचा स्वयंपाक हवा बघून कसा करायचा

खान्देशी स्वयंपाक शिकायचाय ना, मग आधी हवा बघायला शिका, माप नंतर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच १० च्या खाली उतरतो आणि पावसाळ्यात तर पीठ डब्यातल्या डब्यात दमट होतं, मग एकच रेसिपी बाराही महिने एकाच मापाने कशी जमणार? व्हिडिओ बघून अगदी चमच्या-चमच्याने मोजून केलं तरी बिघडलं असं सांगणारे खूप भेटतात आणि बहुतेक वेळा चूक त्यांच्या हाताची नसतेच, ऋतूच वेगळा असतो. नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं-पोरी डोळ्यापुढे ठेवून लिहितेय. गॅस, एक कुकर, एक जाड बुडाची कढई एवढं असलं की भागतं, ओव्हन असला तर चांगलंच, नसला तरी काही अडत नाही.

सुरुवात हिवाळ्यापासून करू कारण भरीत. भरताची वांगी म्हणजे ती मोठी, हिरवट-पांढरी, चकचकीत. बामणोदच्या वांग्यांचं नाव तर आहेच, आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय मानांकनही मिळालंय. जांभळ्या वांग्याचंही भरीत होतं पण ती चव येत नाही हे मी स्पष्ट सांगते. वांगं निवडताना दोन वांगी दोन हातांत घ्या, आकार सारखा असेल तर जे हलकं लागेल ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त असतात. देठ हिरवा हवा आणि सालीवर बोट दाबलं तर ती परत वर आली पाहिजे. उन्हाळ्यातली वांगी बियाळ आणि कडवट निघतात, म्हणून एप्रिलमध्ये भरताचा हट्ट धरू नये. कितीतरी घरांत चातुर्मासात वांगं खातच नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग पुढे थंडीभर शेतात भरताच्या पार्ट्या चालतात.

शेतात वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, त्या धुराचा वास गॅसवर येत नाही हे खरंय, पण घरीही छान भरीत करता येतं. एक किलो वांगी धुऊन अगदी कोरडी पुसा, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा (नाहीतर आतल्या वाफेने फुटतात), तेलाचा हात लावा आणि थेट मध्यम आचेवर ठेवा. मोठ्या आचेवर साल जळते आणि आतला गर कच्चा राहतो, म्हणून घाई नाही, १५-२० मिनिटं फिरवत फिरवत भाजा. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तिथे सुरी टोचून बघा, लोण्यासारखी आत गेली की झालं. मग पातेल्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सुटायला लागते. सोलताना नळाखाली धरू नका!! काही जण काळे कण जावेत म्हणून वांगं धुतात आणि सगळा भाजल्याचा वास मोरीत जातो, त्यापेक्षा वाटीत पाणी घेऊन बोटं बुडवत सोला, एखादा काळा कण राहिला तर राहू द्या.

आता मिरच्या. पोपटी रंगाच्या दहा-बारा मिरच्या आणि लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या थोड्या तेलात परता, मिरचीवर पांढरे फोड आले की उतरवा आणि मीठ घालून ठेचा. मिक्सरमध्ये घातलंच तर एकदाच फिरवा, पेस्ट होता कामा नये. वांग्याचा गर मात्र मिक्सरला लावू नका, आपल्याकडे तो लाकडी बडगीत घालून ठेचतात, तुमच्याकडे बडगी नसेल तर जाड पातेलं आणि रवी किंवा लाटण्याचं टोक चालेल, तार निघेपर्यंत ठेचायचं. कढईत चार-पाच मोठे चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, दोन्ही लालसर झाले की जिरं, मग कांद्याची पात बरीचशी, ती नुसती मऊ होईपर्यंत परतून मिरची-लसूण, शेवटी गर. मीठ, कोथिंबीर, पाच मिनिटं परता, बास. हळद नाही, टमाटं नाही, गरम मसाला नाही. काही घरांत फोडणी न देता कच्चंच कालवतात, गरात ठेचा, चिरलेली पात आणि वरून कच्चं तेल, तेही करून बघा, मला तर तेच जास्त आवडतं.

भरतासोबत कळण्याची भाकरी. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि दोन चमचे जाडं मीठ घालून गिरणीतून दळून आणा. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो म्हणून नुसत्या ज्वारीला लागतं तसं उकळतं पाणी लागत नाही, कोमट पुरतं, आणि भाकरी न शिकलेल्यांनी खरं तर याच भाकरीपासून सुरू करावं कारण ती थापताना चिरत नाही. फक्त पीठ एका भाकरीपुरतंच मळा आणि तळहाताने चांगलं रगडा. कळण्याचं पीठ महिन्याभरात संपेल एवढंच दळा, जुनं झालं की कडवट लागतं.

थंडीतलंच दुसरं म्हणजे वरण-बट्टी. ही खरी आपली भट्टीची परंपरा, ओव्हन घरात यायच्या कितीतरी आधीपासून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या भाजतातच की. दोन वाट्या रवाळ दळलेली गव्हाची कणीक, अर्धी वाटी मक्याचं जाडसर पीठ, चमचाभर ओवा हातावर चोळून, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि तीन मोठे चमचे गरम तेलाचं मोहन. मोहन पिठाला चोळल्यावर मूठ वळून बघा, मुटका राहिला पाहिजे, सुटला तर अजून एक चमचा तेल. कोमट पाण्याने घट्ट मळून अर्धा तास झाका, थंडीत पाऊण तास. गोळे करून चाळणीवर २० मिनिटं वाफवा, मग पूर्ण गार होऊ द्या (गरम कापले तर भुगा होतो), चार-चार फोडी करा आणि मध्यम आचेवर लालसर तळा. तेल कमी खायचं असेल तर वाफवलेल्या फोडींना तूप लावून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला २० मिनिटं, मधे एकदा उलटवून. वर कडक, आत भुसभुशीत अशी झाली पाहिजे. सोबत तुरीचं घट्ट साधं वरण, नवापूरची डाळ मिळाली तर तीच घ्या, आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी ताटात कुस्करायची, वरण ओतायचं आणि तुपाला हात आखडायचा नाही.

उन्हाळा आला की स्वयंपाकघर गच्चीवर जातं. कुरडया, बिबडे, पापड, सांडगे, सगळंच इथे लिहीत बसत नाही, फक्त कुरडई सांगते कारण ती एकदा कळली की बाकीच्या वाळवणाचं गणितही समजायला लागतं. एक किलो गहू तीन दिवस भिजत घाला आणि पाणी रोज बदला. आता इथे हवा बघा, मार्चमध्ये तीन दिवस लागतात पण मेच्या मध्यावर दोन दिवसांतच गहू आंबतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा गहू चिमटीत दाबा, पांढरं दूध फुटलं आणि आंबूस वास आला की वाटायला घ्या. वाटून, भरपूर पाण्यात कालवून फडक्याने गाळा, चोथा बाजूला, आणि गाळलेलं रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर पिवळसर पाणी येतं ते हळूच ओतून द्या, खाली घट्ट पांढरा चीक बसलेला असतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, ते मीठ-हिंग घालून उकळायला ठेवा, उकळी आली की एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने हलवा, गुठळी होऊ देऊ नका. आधी पांढरा असतो तो शिजत आला की काचेसारखी झाक येते आणि पळीला चिकटेनासा होतो, मग झाकून एक वाफ. गरम असतानाच सोऱ्यातून प्लॅस्टिकच्या कागदावर पाडा. उन्हं चढायच्या आत, सकाळी आठ-साडेआठपर्यंत काम उरकलं तर पहिला पूर्ण दिवस मिळतो आणि आपल्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ऊन खिडकीपुरतंच येतं, तिथे अर्धा किलोच्या वर करू नका. आणि थोडा चीक वाटीत काढून दूध-साखर घालून खायचा, तो गरमच, उरवायचा नाही.

आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी असते, हातांवर फिरवून फिरवून केवढी तरी मोठी करतात ती. ती पुस्तकातून किंवा असल्या लिखाणातून येत नाही, घरातल्या मोठ्या बाईच्या शेजारी बसूनच येते, म्हणून ती माप देऊन शिकवायचा आव मी आणत नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा मावशी-आत्याच्या मागे लागा. तोवर तव्यावरची करा आणि आमरस भरपूर ठेवा.

शाळांना सुट्टी लागली की कणीक, तूप, साखर घेऊन बेकरीत बिस्किटं पाडायला जायचं, ते अजूनही चालतं, पण नानकटाई घरीही होते. एक वाटी मैदा (किंवा अर्धा मैदा अर्धी कणीक), दोन चमचे बेसन, एक चमचा बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तूप, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. सगळी गंमत तुपात आहे. हिवाळ्यात तूप रवाळ गोठलेलं असतं, ते साखरेसोबत हाताने पांढरं हलकं होईपर्यंत फेटता येतं. मेमध्ये तूप पाण्यासारखं पातळ असतं, तसंच घातलं तर नानकटाई भाजताना पसरून चपटी होते, म्हणून मोजलेलं तूप आधी फ्रिजमध्ये घट्ट करा आणि गोळे वळून झाल्यावर तेही १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. दूध घालायचा मोह होतो, घालू नका, मळत राहिलं की पीठ आपोआप एकत्र येतं. ओव्हन १७० डिग्री, १५ ते १८ मिनिटं. ओव्हन नसेल तर कढईत दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग ताटली ठेवून मंद आचेवर साधारण २० मिनिटं. काढल्यावर मऊच लागते, कच्ची राहिली समजून परत भाजू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते.

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त करावेसे वाटतात ते फुणके. दीड वाटी तुरीची डाळ तीन-चार तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या (किमान अर्धा तास चाळणीत), आणि मिरची, लसूण, जिरं घालून पाण्याचा थेंबही न टाकता भरड वाटा. काही डाळी अख्ख्या राहिल्या तरी चांगलंच. कांद्याची पात किंवा कांदा, कोथिंबीर, हळद, मीठ घालून मुठीत दाबून लांबट मुटके करा, बोटांचे ठसे उमटतात ते तसेच ठेवा. २० मिनिटं वाफवा. गरम फुणके फोडून वर कच्चं तेल आणि शेजारी गरम कढी. पावसाळी हवेत डाळ ओलसर राहते त्यामुळे मुटका ढासळू शकतो, तेव्हा एक चमचा बेसन घाला, त्याहून जास्त नको.

सलग झड लागली आणि बाजारात भाजी नाही मिळाली तर डुबुकवडे. कांदा आणि सुकं खोबरं थेट भाजून, लसूण-आलं-कोथिंबिरीसोबत वाटून, तेलात काळ्या मसाल्यासोबत तेल सुटेपर्यंत परता, गरम पाणी घाला. रस्सा खळखळ उकळत असतानाच घट्ट भिजवलेलं बेसन (तिखट-मीठ-ओवा घालून) बोटांनी एकेक सोडायचं. उकळी थांबली तर वडे विरघळून पिठलं होतं, म्हणून चार-पाच सोडले की थांबा, परत उकळी येऊ द्या, मग पुढचे. हाच रस्सा थोडा पातळ ठेवून ताटात वाढताना वर जाड तिखट शेव टाकली की शेवभाजी झाली. आणि संध्याकाळी गिलक्याची (घोसाळ्याची) भजी, गिलकं चकत्या करून लगेच पिठात बुडवा, मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं.

मसाल्याचा डबा पावसाळ्यात रोज उघडू नका, आठवड्यापुरता छोट्या बरणीत काढा आणि ओला चमचा अजिबात नको, नाहीतर बुरशी येते आणि वर्षाचा मसाला जातो.

केळीचं काय, ती आपल्याकडे बाराही महिने असतात, रावेर-यावलकडच्या घरात तर घडच्या घड, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत काळी पडतात. साल काळी झालेली केळी टाकू नका, केकला तीच हवी. तीन केळी कुस्करून त्यात पाऊण वाटी साखर किंवा चिरलेला गूळ, अर्धी वाटी तेल, पाव वाटी दही, मग दीड वाटी चाळलेली कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. केळी फार पिकलेली असतील तर साखर दोन चमचे कमी करा आणि पीठ सैल वाटलं तर कणीक थोडी वाढवा, पण एकत्र झालं की फेटणं थांबवा, जास्त फेटलं तर केक चिवट होतो. १८० डिग्रीला ३५-४० मिनिटं, कढईत त्याच मिठावर मंद आचेवर ४५-५० मिनिटं. ३० मिनिटांच्या आत झाकण उघडू नका, नंतर मधोमध सुरी घालून बघा, ओलं पीठ लागलं तर अजून पाच मिनिटं. उन्हाळ्यात हा केक दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत बाहेर तीन दिवस सहज टिकतो.