जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स

महागडा प्लेअर घेण्याआधी २००५-०६चा आयपॉड व्हिडिओ शोधा आणि त्यावर रॉकबॉक्स, म्हणजे अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर, टाका. त्यातली वुल्फसन कंपनीची डॅक चिप (डिजिटल फाइलचा आवाज करणारी) माझ्या कानाला आजही गोड वाटते. शक्यतो ६० किंवा ८० जीबीचाच घ्या. त्यात ६४ एमबी रॅम असते, ३० जीबीवाल्यात निम्मीच.

उघडताना धातूचा स्क्रूड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. झाकण सुटलं की हिसका देऊ नका: बॅटरीची आणि हेडफोन जॅकची नाजूक पट्टी झाकणाला जोडलेली असते. हार्ड डिस्क काढून तिथे एसडी कार्डाचा अडॅप्टर बसवा. मग विंडोजवर आयट्यून्सनं रिस्टोअर करा. मॅकवर केलंत तर रॉकबॉक्स चालणार नाही, त्याला विंडोजची फॅट३२ ही डिस्कची मांडणीच लागते. त्यानंतर रॉकबॉक्स युटिलिटी हा संगणकावरचा इन्स्टॉलर बाकीचं सांभाळतो.

गाणी फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) भरा, पण सीडीच्याच दर्जाची: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. ९६ किलोहर्ट्झच्या फाइल्स इथे शेवटी ४४.१वरच उतरतात, बॅटरी मात्र जास्त खातात. (हे मित्रांना पटत नाही, जाऊ दे.) सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकमध्ये असले, तरी रॉकबॉक्स मध्ये खंड पडू देत नाही. मैफल ऐकणाऱ्याला आणखी काय हवं? इक्वलायझर मी बंदच ठेवतो.