पाड्यावरचं अतिसार सर्वेक्षण: आधी छेद ठरवा, मग प्रश्नावली

पाच वर्षांखालच्या मुलाला जुलाब लागले तर घरी ओआरएस आणि झिंक दिलं जातं का, हे नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात तपासायचं ठरलं की बहुतेक जण आधी प्रश्नावली लिहायला बसतात. त्याआधी कागदावर एक भागाकार करा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं रूढ केलेली ३० गुणिले ७ ही पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे: ३० समूह, प्रत्येकी ७ मुलं, एकूण २१०. लसीकरणाला ती चालते, कारण प्रत्येक मुलाला 'लस घेतली का' हे विचारता येतं. ओआरएसचं तसं नाही. गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झालेल्या मुलांपुरताच तो प्रश्न असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात अशी मुलं ७.३ टक्के होती. २१० चे ७.३ टक्के म्हणजे १५ मुलं. त्यातल्या ९ जणांना ओआरएस मिळालं की '६० टक्के' असा आकडा अहवालात जातो, आणि दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी तो ४७ किंवा ७३ होतो.

याच कारणासाठी त्या सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात असतात आणि काहींच्या जागी नुसती चांदणी असते. २५ ते ४९ मुलांवरून काढलेला आकडा कंसात छापतात, २५ पेक्षा कमी असतील तर छापतच नाहीत. नाशिक जिल्ह्याचं पत्रक संदर्भाला घेताना ही खूण आधी बघा. कंसातला आकडा कंस काढून प्रबंधात उतरवलेला फार ठिकाणी दिसतो.

उपचाराचं प्रमाण दहा टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेनं हवं असेल तर जुलाब झालेली ९६ मुलं लागतात (१.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.१ चा वर्ग). ९६ ला ०.०७३ नं भागलं की साधारण १,३१५ मुलं येतात, म्हणजे ३० गावांत दर गावी ४४. एवढं मनुष्यबळ असेल तर जरूर करा. नसेल तर छेद, म्हणजे टक्केवारी कितीपैकी काढायची ती संख्या, बदला: आजारी मुलाबद्दल न विचारता प्रत्येक आईला लागू पडेल असं काहीतरी तपासा. आत्ता घरात ओआरएसची पुडी आहे का? तिची मुदत संपली आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई ती पुडी किती पाण्यात घालते? इथे छेद पूर्ण २१० चा राहतो आणि सात-सात घरांचा नमुना पुरतो. विचारणाऱ्यांच्या दोन-तीन जोड्यांच्या गटाला हाच मार्ग झेपतो, म्हणून पुढची मांडणी त्याचीच आहे.

कधी जायचं

दिवाळीनंतर घाटाखालच्या आणि घाटमाथ्याच्या पाड्यांवरून माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर जातात. डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर कुलपं मोजून परत याल. वाईट म्हणजे, जी कुटुंबं घरी सापडतील ती तुलनेनं बऱ्या स्थितीतली असतील, आणि निष्कर्ष त्या बाजूला झुकेल. पावसाळ्यात माणसं घरी असतात आणि जुलाबही वाढलेले असतात, म्हणून जुलै-ऑगस्ट योग्य. मात्र आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत बाया सकाळी नऊनंतर खाचरात असतात. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर अशाच वेळा धरा. बाजाराचा दिवस सोडा.

गावं आणि घरं निवडणं

२०११ च्या जनगणनेची गावनिहाय लोकसंख्या घ्या आणि शेजारच्या रकान्यात चढती बेरीज करत जा. समजा शेवटची बेरीज १,७४,००० आली. तिला ३० नं भागा: अंतर ५,८००. एक ते ५,८०० मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा. तो २,३१५ निघाला तर ज्या गावाच्या चढत्या बेरजेत २,३१५ बसतं ते पहिलं गाव. मग ८,११५, मग १३,९१५, असं तीसपर्यंत. मोठं गाव दोनदा आलं तर तिथे दोन समूह घ्या. रस्ता वाईट आहे म्हणून गाव बदलू नका. ज्या गावाला रस्ता नाही तिथेच पुडी पोहोचत नाही.

घर निवडताना चूक होते ती पाड्यांमुळे. गावाच्या मध्यावर उभं राहायचं, पेन्सिल फिरवायची आणि टोक दाखवेल त्या दिशेला चालायचं, ही जुनी रीत एकगठ्ठा वस्तीसाठी ठीक होती. इथे महसुली गावाचे चार-पाच पाडे असतात, दोन-दोन किलोमीटरवर. पेन्सिल नेहमी शाळा आणि अंगणवाडी असलेल्या पाड्यातच फिरते. त्याऐवजी आशाताईंकडून पाड्यांची आणि घरांची यादी करा. उदाहरणार्थ ६०, ४५, ३०, २५ आणि २० घरं, एकूण १८०. चढती बेरीज ६०, १०५, १३५, १६०, १८०. चिठ्ठीत १४२ आला तर चौथा पाडा. वीस-पंचवीस घरांत लहान मुलं असलेली सात घरं मिळतीलच असं नाही, म्हणून कुठला छोटा पाडा कुठल्या शेजारच्याला जोडायचा हे चिठ्ठी काढण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

पाड्यात पहिलं घर चिठ्ठीनं, पुढचं घर दाराला दार लागून. घर बंद असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा परत जा. तरीही बंद असेल तर 'बंद' अशी नोंद करून पुढे जा आणि शेवटी अशी किती घरं होती ते अहवालात सांगा. गुपचूप शेजारचं घर घेतलं की स्थलांतरित कुटुंबं हिशेबातून पुसली जातात. अंगणवाडीच्या रजिस्टरवरून थेट मुलं निवडण्याचा मोह टाळा. तेही याच कारणासाठी: नुकतं परत आलेलं मूल त्यात बऱ्याचदा नसतं.

शब्द

व्याख्या ठरलेली आहे: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. पण 'अतिसार' हा शब्द दारात कामाचा नाही. जुलाब, हगवण, ढाळ, संडासला लागणं, यातला कुठला शब्द चालतो हे त्या भागातल्या पाच आयांना आधी विचारा. कोकणा आणि वारली घरांत तिथल्या बोलीतला शब्द वेगळा असतो. तो आशाताईंकडून घेऊन फॉर्ममध्ये तसाच लिहा, म्हणजे प्रत्येक विचारणारी आपापला शब्द वापरणार नाही. दात येताना होणारे जुलाब पुष्कळ आया आजारात धरत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा: 'दात येताहेत म्हणून पातळ झालं होतं का?'

'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारलं तर महिनाभरापूर्वीचंही सांगितलं जातं. आठवडी बाजार हा इथला पक्का दिनदर्शक आहे. 'मागचा बाजार आणि त्याच्या आधीचा बाजार, त्यानंतर कधी?' असं विचारा.

उपचाराच्या उत्तरांत भगत, दुकानातली गोळी, खासगी दवाखान्यातली सुई-सलाईन, उपकेंद्र, आशा हे पर्याय वेगवेगळे हवेत. भगताचं नाव निघालं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, नाहीतर पुढचं प्रत्येक उत्तर तुम्हाला आवडेल असं येईल. नागलीची पेज, आंबील, ताक यांना 'घरगुती पेय' असा स्वतंत्र रकाना द्या. दुकानातली खोक्यातली गोड पेयंही ओआरएसमध्ये मोजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला मनाई केली, पण लोकांच्या तोंडी तो राहणारच. म्हणून 'दिलं का' एवढ्यावर थांबू नका, 'पुडी किंवा खोकं दाखवा' म्हणा.

भांड्याची चाचणी

ही चाचणी सर्वेक्षणाचा गाभा आहे, तिला वेळ द्या. सरकारी पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. मिळून साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. मेडिकलमध्ये २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. दोन्ही घरात आली की घोटाळा होतो: लिटरची पुडी पेल्यात पडते. अडीचशे मिलिलिटरच्या पेल्यात ती घातली तर सोडियम चौपट होतं, लिटरमागे ७५ ऐवजी ३०० मिलिमोल. असं पाणी आतड्यातून शोषलं जाण्याऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात, आणि रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येऊ शकतात. छोटी पुडी लिटरभर पाण्यात गेली तर उलट, क्षार अपुरे पडतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला देऊन हा उपचार घरच्या माणसांना जमतो हे दाखवलं. पण तिथे पाण्याचं माप आधीच ठरवून दिलेलं होतं.

सोबत ठेवा: लिटरची सरकारी पुडी आणि एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली. आधी मापानं पाणी ओतून बाटलीवर दर १०० मिलिलिटरला मार्करनं रेघ काढा. आईच्या हातात पुडी देऊन म्हणा, 'ताई, ही पुडी आहे. तुमच्या घरातल्या भांड्यात, तुम्ही एरवी घ्याल तेवढं पाणी घेऊन दाखवा.' पुडी फोडू देऊ नका, फक्त पाणी ओतू द्या. मग ते पाणी बाटलीत मोजून मिलिलिटरमध्ये लिहा. 'बरोबर / चूक' असं लिहू नका. ९०० ते १,१०० बरोबर धरायचं की आणखी सैल, हे आधी ठरवा, पण कच्चा आकडा जपून ठेवा. 'एक लिटर पाण्यात करायचं माहीत आहे ना?' हा प्रश्न कधीही विचारू नका, त्यात उत्तरच दिलेलं आहे. पाड्यातल्या सगळ्या घरांचं मोजून झाल्यावर मात्र तिच्याच घरातल्या हंडी किंवा तांब्यावर लिटरची खूण करून द्या आणि पुडी तिथेच ठेवा. आधी दिली तर शेजारच्या घरी बातमी पोहोचते आणि चाचणी वाया जाते, म्हणून शिकवण्याचं काम त्या पाड्यातलं शेवटचं घर झाल्यावर, सगळ्यांना एकत्र बसवूनही करता येईल.

झिंकबद्दल एक फसवी जागा आहे. मात्रा सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, दोन्हींना १४ दिवस. आता ज्याला गेल्या १४ दिवसांत जुलाब सुरू झाले त्याचे १४ दिवस आज पूर्ण कसे होतील? तरीही 'पूर्ण कोर्स घेतलेले' असा रकाना करून शून्याच्या जवळचा आकडा काढला जातो आणि दोष आयांच्या माथी येतो. या मुलांसाठी 'सुरू केलं का' एवढंच विचारा. पूर्ण केलं का हे, दोन आठवडे ते दोन महिन्यांपूर्वी जुलाब झालेल्या मुलांसाठी वेगळं विचारा आणि जमलं तर उरलेलं पाकीट बघून गोळ्या मोजा.

कोण विचारणार

दोघींची जोडी, त्यातली एक तिथली बोली जाणणारी. एका मुलाखतीला वीस ते पंचवीस मिनिटं. घरांची यादी धरून एका जोडीचा एक समूह एका दिवसात होतो. तीन जोड्यांना दहा दिवस आणि परतीच्या फेऱ्यांसाठी आणखी तीन. आशाताई वाट दाखवतील, ओळख करून देतील, पण मुलाखतीच्या वेळी ओसरीवर नसाव्यात. त्या समोर असताना 'पुडी मिळाली नाही' असं कोण म्हणणार? सासूबाई उत्तरं देऊ लागल्या तर त्यांच्याशी दुसरीनं बाजूला बोलत बसावं.

फॉर्म मोबाइलमध्ये कोबो टूलबॉक्सवर किंवा ओडीकेवर करा. दोन्ही फुकट आहेत आणि नेटवर्कशिवाय चालतात. माहिती संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. बॅटरी बंद पडेल हे गृहीत धरून दहा कागदी प्रतीही ठेवा. रोज रात्री एकाच जोडीचे सगळे आकडे गोल, म्हणजे ५००, १,०००, ५०० असे येताहेत का ते पाहा. तसं असेल तर बाटली पिशवीतून बाहेर निघत नाही. दहापैकी एका घरी पर्यवेक्षकानं परत जाऊन चार ठरलेले प्रश्न पुन्हा विचारावेत.

नीतिमत्ता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं इथे लागू आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातले विद्यार्थी आपल्या संस्थेच्या समितीकडे जाऊ शकतात, स्वयंसेवी गटांनी अशा संस्थेला सोबत घ्यावं. संमतीपत्र आईला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि तुमच्या गटातली नसलेली साक्षीदार व्यक्ती सही करील असं बघा. आणि मुलाखत चालू असताना मूल निपचित, डोळे खोल गेलेलं, पिऊ न शकणारं, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू परतणारं किंवा शौचात रक्त असलेलं दिसलं तर फॉर्म बंद करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा, १०८ ला फोन करा. रेंज कुठे मिळते ती जागा सकाळीच विचारून ठेवायची.

आकडे मांडताना

एका पाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून २१० साधी माणसं समजून चूक-मर्यादा काढू नका. समूहांचा परिणाम दुप्पट धरला तर ४० टक्के हा आकडा खरं तर ३१ ते ४९ च्या दरम्यान कुठेही असतो. हे गणित समूह नमुना हाताळणाऱ्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. तालुक्यातल्या दोन महसुली मंडळांची तुलना या नमुन्यावर करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

प्रत्येक टक्क्याशेजारी छेद लिहा: '२१० पैकी ८४'. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अहवाल द्या, आशांच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या, आणि प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसमोर सगळ्या गावांचा एकत्रित निष्कर्ष सांगा. त्या गावातल्या सात घरांचा आकडा तिथे सांगायचा नाही, कोणाच्या घरी काय निघालं ते लगेच ओळखू येतं. त्या बैठकीला रेघा मारलेली बाटली घेऊन जा आणि जमलेल्या बायांना आपापल्या घरचा तांब्या आणायला सांगा.