चौघांचा सारीपाट: पट भरण्यापासून डाव मोडेपर्यंत

मित्रमैत्रिणींना घरी बोलावून हाताने काहीतरी करावे आणि मग एखादा बैठा खेळ मांडावा, असा बेत बहुतेक वेळा मधेच तुटतो. आधी कागद आणि कात्र्यांचा पसारा होतो, मग तो आवरून दुकानातला लुडो काढला जातो आणि केलेल्या वस्तूचा खेळाशी काही संबंध उरत नाही. सारीपाटात ही अडचण येत नाही, कारण त्याची रचनाच मुळी चौघांत वाटून घेण्यासारखी आहे. मध्ये एक चौकोनी घर, त्याला जोडलेले चार पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर ३ ओळींत ८ प्रमाणे २४ घरे, असा हा ९६ घरांचा पट असतो. चौघांनी एकेक पट्टा भरावा, चारही पट्टे मधल्या घराला जोडावेत आणि ज्याने जो पट्टा भरला त्याने त्याच बाजूला बसून खेळावे, इतका हा साधा बेत आहे.

लुडो हा याच खेळाचा सुटसुटीत केलेला इंग्रजी अवतार असून त्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले. त्यामुळे लुडो येणाऱ्याला सारीपाटाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. हा खेळ तीन लांबट फाशांनीही खेळतात आणि कवड्यांनीही. कवड्यांच्या खेळाला पचिशी म्हणतात. फासे घरी नेमके करणे कठीण असल्यामुळे येथे कवड्यांचाच विचार केला आहे.

या कामाला दोन रविवार ठेवावेत. पहिल्या रविवारी भरतकाम करावे आणि सोंगट्या, म्हणजे पटावर फिरवायची प्यादी, वळाव्यात; दुसऱ्या रविवारी जोडणी करून खेळायला बसावे. एकाच दिवसात सगळे उरकण्याचा हट्ट धरला तर संध्याकाळपर्यंत चौघांचीही मान अवघडते आणि खेळायची इच्छा कोणालाच राहत नाही.

पटासाठी मांजरपाट सर्वांत चांगला. तो स्वस्त असतो, त्याची वीण स्पष्ट दिसते आणि सुई सहज जाते. अर्धा मीटर कापडात चारही पट्टे आणि मधले घर बसते. कापड आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवावे, कारण नव्या कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. न धुता भरलेला पट पुढे कधी धुतला तर भरतकाम तसेच राहते, कापड तेवढे आत ओढले जाते आणि घरे चुण्यांनी भरतात. दोऱ्याचेही तसेच आहे. लाल आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरत असेल तर तो दोरा घेऊ नये.

घर सव्वा इंचाचे ठेवावे. म्हणजे पट्ट्याची रुंदी पावणेचार इंच आणि लांबी दहा इंच होते. सर्व बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी सोडायचा असल्यामुळे पट्ट्याचा तुकडा पावणेपाच इंच रुंद व अकरा इंच लांब कापावा आणि मधल्या घराचा तुकडा पावणेपाच इंचांचा चौरस घ्यावा. मधल्या घरासाठी मांजरपाटाऐवजी खणाचा तुकडा वापरला तर पटाला एकदम उठाव येतो. ब्लाउज शिवून उरलेला खण बहुतेक घरांत कुठेतरी घडी करून ठेवलेला असतोच.

आखणी करताना एक चूक हटकून होते. एक घर आखून झाले की लोक फूटपट्टी उचलतात, पुढे सरकवतात आणि दुसरे घर नव्याने मोजतात. प्रत्येक वेळी खडूच्या रेघेच्या जाडीएवढा फरक पडत जातो आणि आठव्या घरापर्यंत तो पाव इंच होऊन बसतो. आमच्या पहिल्या पटात हिरवा पट्टा असाच इतरांपेक्षा लांब झाला होता आणि ते जोडणीच्या दिवशी कळले. म्हणून फूटपट्टी एकदाच ठेवावी, ती हलवू नये आणि सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा अशा आठही खुणा एका दमात करून घ्याव्यात. आखण्यासाठी शिंप्याचा खडू किंवा फिकट पेन्सिल घ्यावी. बॉलपेन वापरू नये, त्याची शाई दोऱ्याखालून डोकावत राहते.

मग फुल्या. फुली असलेल्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही, त्यामुळे या खुणा चुकल्या तर खेळच बदलतो. प्रत्येक पट्ट्यावर तीन फुल्या असतात: मधल्या ओळीच्या बाहेरच्या टोकाच्या घरात एक, आणि दोन्ही कडेच्या ओळींत बाहेरच्या टोकाकडून चौथ्या घरात एकेक. ‘बाहेरच्या टोकाकडून’ हे शब्द प्रत्येकाकडून वदवून घ्यावेत. आठ घरांच्या ओळीला मध्य नसतो. आतून चौथे घर हे बाहेरून पाचवे असते आणि नुसते डोळ्यांना दोन्ही सारखेच बरोबर वाटतात. सुई हातात घेण्यापूर्वी चारही तुकडे जमिनीवर अधिक चिन्हासारखे मांडून बारा फुल्या एकदा एकत्र तपासाव्यात.

घरांच्या रेघा भरताना कडा भरण्याची गरज नाही, त्या शिवणीत जातात. आतल्या दोन उभ्या आणि सात आडव्या रेघा धरल्या तर एका पट्ट्यावर साधारण ४६ इंच रेघ भरावी लागते. नवख्याने धावदोरा घालावा, सवय असलेल्याने साखळी टाका किंवा उलटी टीप घ्यावी. चौघांचे टाके वेगळे झाले तरी काही बिघडत नाही, उलट कोणता पट्टा कोणाचा हे त्यावरूनच ओळखू येते. सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीनच पदर सुईत घ्यावेत आणि फुल्यांसाठी मात्र सहाही. ज्याच्या सोंगट्या ज्या रंगाच्या, त्याच रंगाने त्याच्या मधल्या ओळीची घरे भरावीत. तांबडा, पिवळा, हिरवा आणि काळा हे रंग ठरलेले आहेत. शांतपणे बसले तर दीड ते दोन तासांत एक पट्टा पुरा होतो. गप्पा रंगल्या की तीन तास लागतात, पण घाई कोणाला आहे?

जोडणी करताना मधल्या घराच्या चार बाजूंना चार पट्टे उलट्या बाजूने शिवावेत. शिवण कडेपर्यंत नेऊ नये, दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून थांबावे. हा अर्धा इंच सुटला नाही तर पट्ट्यांच्या कडा आत दुमडता येत नाहीत आणि चारही कोपऱ्यांत कापड गोळा होते. शिवणी इस्त्रीने उघडून घ्याव्यात, पट्ट्यांच्या कडा अर्धा इंच आत दुमडून त्यांवरही इस्त्री फिरवावी आणि हा तयार झालेला पट २८ इंचांच्या चौकोनी कापडावर टाचण्यांनी बसवून कडेने हेम घालावी. खालच्या कापडासाठी जुन्या सुती पातळाची दुहेरी घडी उत्तम, कारण ती मऊ असते आणि कवड्यांचा आवाजही गोड येतो. नुसता अधिक चिन्हाच्या आकाराचा पट अधिक देखणा दिसतो हे खरे, परंतु त्याच्या आतल्या कोपऱ्यांना गोट लावणे हे शिंप्यालाही घाम फोडणारे काम आहे. चौकोनी पटाचा तोटा एकच: चार मोकळे कोपरे दिसले की माणूस तिथे चहाचा कप ठेवतो. त्या कोपऱ्यांत वेलबुट्टी काढली की हा मोह थोडा कमी होतो.

सोंगट्या १६ लागतात, प्रत्येकाच्या चार. त्या पहिल्याच रविवारी वळाव्या लागतात, कारण त्यांना वाळायला वेळ हवा. जुनी वर्तमानपत्रे बारीक फाडून रात्रभर भिजवावीत, सकाळी पिळून मिक्सरमधून काढावीत आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळावी. घरोघरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या होत असत तेव्हा हीच युक्ती वापरली जाई. मेथीमुळे लगद्याला चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. सुपारीएवढा गोळा घेऊन त्याला खाली चपटे बूड व वर निमुळते डोके द्यावे. बूड पाऊण इंचाहून मोठे नको. लगदा वाळताना आटतो आणि मग एका घरात दोन सोंगट्या शेजारी बसू शकतात. सोंगट्या सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्याव्यात, कारण कडक उन्हात त्यांना भेगा पडतात. पॉलिश पेपरने घासून पोस्टर कलर द्यावा व वर वॉर्निशचा एक हात फिरवावा.

कवड्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात. तुळजापूरला गेलेल्या कोणी माळ आणलेली असेल तरी माळेच्या भोक पाडलेल्या कवड्या खेळाला घेऊ नयेत, त्यांचा तोल बदललेला असतो. सहा हव्या असल्या तरी दहा-बारा आणाव्यात आणि प्रत्येक कवडी वीस वेळा टाकून पाहावी. एखादी कवडी सतत पालथीच (फट खाली) पडते, एखादी उताणीच (फट वर). अशा बाजूला काढून उरलेल्यांतून एकसारख्या सहा निवडाव्यात. कवड्या मिळाल्याच नाहीत तर चिंचोके दगडावर घासून अर्धे फोडावेत आणि पांढरी बाजू उताणी धरावी.

आता खेळ. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात: पिवळा आणि काळा एका बाजूचे, तांबडा आणि हिरवा दुसऱ्या. कवड्यांच्या दानाची कोष्टके घरोघर थोडी बदलतात. आम्ही पुढीलप्रमाणे खेळतो. सहाही कवड्या पालथ्या पडल्या तर २५, एकच उताणी पडली तर १०, आणि दोन ते सहा उताण्या पडल्या तर तितकेच घर. ६, १० आणि २५ यांना पुन्हा दान मिळते. पहिली सोंगटी कोणत्याही दानाने निघते, पुढच्या तीन मात्र याच तीन दानांपैकी एखादे पडल्याशिवाय हलत नाहीत.

सोंगटी मधल्या घरातून निघून आपल्या पट्ट्याच्या मधल्या ओळीने खाली उतरते, मग घड्याळाच्या उलट दिशेने सगळा पट फिरते आणि त्याच मधल्या ओळीने वर चढून परत मध्ये येते. उतरण्याची ८ घरे, फेऱ्याची ६८, चढण्याची ७ आणि शेवटचे मधले, अशी ८४ होतात. चौऱ्यांशीचा फेरा म्हणतात तो हाच, असे सांगणारा एकजण प्रत्येक बैठकीत निघतो आणि बोट ठेवून मोजले तर तो चुकत नाही. फुल्यांच्या जागाही अशाच हिशेबाने बेतलेल्या आहेत: नव्या सोंगटीला पंचवीसचे दान पडले तर ती थेट शेजारच्या पट्ट्याच्या टोकावरील फुलीत जाऊन बसते. आमचा पट बरोबर भरला गेला आहे का, हे आम्ही याच दानाने तपासतो.

फुलीबाहेर एकटी सापडलेली प्रतिपक्षाची सोंगटी मारता येते. ती मधल्या घरात परत जाते आणि मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. फेरा पुरा करून परत चढणारी सोंगटी आडवी ठेवावी, नाहीतर उतरणारी कोणती आणि चढणारी कोणती यावरून वाद होतो. शेवटच्या घरात जाताना दान नेमके पडावे लागते. दोन भिडूंच्या आठही सोंगट्या आत गेल्याखेरीज डाव जिंकला जात नाही, आणि खेळाची खरी गंमत इथेच आहे. स्वतःच्या चारही सोंगट्या घाईने घरी नेणारा खेळाडू भिडूला एकटा पाडतो. जाणता खेळाडू आपली एखादी सोंगटी मुद्दाम मागे, प्रतिपक्षाच्या वाटेवर ठेवतो.

आपल्याच जोडीच्या दोन सोंगट्या एका घरात असल्या तर त्या मारता येतात का, आणि ओळीने तीनदा पुन्हा दान मिळाले तर ते धरायचे की जाळायचे, हे दोन प्रश्न पहिले दान टाकण्यापूर्वीच मिटवून कागदावर लिहून ठेवावेत. प्रत्येकाच्या आजोळचा नियम वेगळा असतो आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. पैसे लावू नयेत. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव असल्याची आठवण कोणी करून दिली तर शेंगदाणे लावावेत. खायला तेलकट काही ठेवू नये. भज्यांचे हात पटावर लागले की डाग निघत नाही. चहा वेगळ्या तिवईवर ठेवावा. खाली बसता न येणारे कोणी असेल तर सगळ्यांनीच खुर्च्या घेऊन पट टीपॉयवर अंथरावा. एकजण वर आणि तिघे खाली अशी बैठक चांगली नव्हे.

डाव दोन तास सहज चालतो. पाचवा-सहावा पाहुणा आला तर त्याला ताटकळत न ठेवता बाजूला चल्लस-आठ मांडून द्यावे. त्याला पाच बाय पाचची २५ घरे फरशीवर खडूने आखली की पुरते, चार कवड्या लागतात आणि शिल्लक राहिलेल्या कवड्या तिथे कामी येतात.

पट घडी करून ठेवू नये, घडीच्या रेघेवर टाके तुटतात. तो लाटण्यासारख्या गोल काठीवर गुंडाळावा. उरलेल्या खणाचा बटवा शिवून त्यात सोंगट्या आणि कवड्या ठेवाव्यात. मंडळी चपला घालण्यापूर्वी १६ आणि ६ मोजून घ्याव्यात, कारण एक कवडी हमखास सतरंजीच्या दुमडीत राहिलेली असते.