पाळी जायच्या वयात वजन अन् चौदा तासांचा उपास, नागपूरच्या घरात कसं जमवायचं

पंचेचाळीस-पन्नाशीतल्या बायांचं गाऱ्हाणं एकच असते, खाणं तेवढंच आहे तरी पोट सुटून राहिलं. हे खरं असते बरं का, कोणी म्हटलं की लपून खात असाल तर ऐकून घेऊ नका. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की चरबी मांड्यांपेक्षा पोटावर जास्त जमायला लागते, वयानं स्नायू कमी होतात म्हणून आधीचंच खाणं आता जास्त पडते, त्यात रात्री घाम फुटून झोपमोड, अन् झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुपारी हात आपोआप गोडाच्या डब्याकडे जातो.

इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे दिवसातले ठराविक तासच खायचं अन् बाकीचे तास उपाशी राहायचं, यात जादू नाही. रोज मोजून कमी खाल्लं तर जेवढं उतरते साधारण तेवढंच यातही उतरते, फक्त ताटात मोजमाप करत बसावं लागत नाही, घड्याळ पाहिलं की झालं. एकदम सोळा तासांवर उडी मारू नका. पहिले दोन आठवडे बारा तास, म्हणजे रात्री आठला जेवलात तर सकाळी आठपर्यंत फक्त पाणी. मग हळूहळू चौदावर या, संध्याकाळी सातला जेवण अन् सकाळी नऊला पहिला घास. या वयात चौदा खूप झाले.

आता खरी अडचण. आपल्याकडे इतवारीतलं दुकान बंद करून माणूस साडेनऊला घरी येतो, पोरं क्लासवरून येतात, सगळ्यांना गरम पोळ्या वाढून बाई दहाला बसते अन् वरून गंजातला उरलेला भात वाया नको म्हणून संपवते. हे जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत कोणतंच फास्टिंग चालणार नाही. सातला तुम्ही जेवून घ्या, बाकीच्यांना नंतर वाढा, सोबत बसायचं असेल तर पाण्याचा ग्लास घेऊन बसा. सासूबाई चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी सवय होते. उरलेला भात फ्रिजमध्ये जाऊ द्या, सकाळी फोडणी देता येते.

चहा हा दुसरा मुद्दा. साखर-दुधाचा चहा घेतला की उपास मोडला, सकाळी कोरा चहा बिनसाखरेचा चालते. आणि एकादशीची साबुदाणा खिचडी म्हणजे हे फास्टिंग नाही हो, साबुदाण्यात जवळपास सगळा स्टार्चच. निर्जळ तर अजिबात नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात पाणी सोडणं म्हणजे चक्कर येणारच.

ज्या दहा तासांत खायचं त्यात प्रोटीन आधी, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन, कारण नुसतं कमी खाल्लं तर चरबीसोबत स्नायूही जातात अन् हाडं आधीच ठिसूळ होऊन राहिलेली असतात. किलोमागे साधारण एक ग्राम धरा, वजन ६० किलो असेल तर दिवसाला ६० ग्राम. एका अंड्यात ६ ग्राम, १०० ग्राम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर वरणात पाच-सहा, म्हणजे वरण-भातावर हिशोब जमत नाही. झुणका, मोड आलेली मटकी, सोयाबीनच्या वड्या, फुटाणे, दही असं वाढवा, सोबत जवसाची चटणी घ्या. तर्री पोहे रविवारी खा की, पण सोबत दोन उकडलेली अंडी.

फुटाळ्याला किंवा अंबाझरीला फिरायला जाता ते छानच, पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलायचा व्यायाम हवा, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला टेकून पुशअप, सुरुवातीला एवढं पुरते.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूच करू नका, उपाशीपोटी शुगर धोक्याइतकी खाली येऊ शकते. बीपीच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घेता तशी पाण्यासोबत घ्या, फक्त कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. हात थरथरले, घाबरल्यासारखं झालं तर तिथेच उपास सोडून खा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते डायटच्या खात्यात टाकू नका, लगेच गायनॅककडे जा.

वजनकाट्यावर रोज चढू नका, पाणी धरून राहिलं की आकडा वरखाली होतो अन् मन खट्टू होते. महिन्यातून दोनदा टेप घेऊन कंबर मोजा, आपल्याकडच्या बायांसाठी ८० सेंमीच्या आत असली तर चांगलं. महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ आहे. दोन-तीन महिने नीट करूनही टेप जागची हललीच नाही तर आणखी तास वाढवण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्त तपासणी, अन् शुगर करून घ्या.